शाईची टाकी

भिशी लागली तेव्हाच मी ठरवलं, फ्रिज नाही.
माठ आहे. माठाला वीज लागत नाही.

गेल्या वर्षीची एसटीची तिकिटं मी डब्यात साठवली होती,
वरूडला सतरा खेपा,
अर्ध्या तिकिटात का होईना, सतरा,
कधी कुणाचा जन्मदाखला, कधी अंगणवाडीचा पोषण अहवाल.
दुकानातला पोरगा दर वेळी म्हणायचा,
"मशीन गरम हाये मॅडम, बसा जराशा."
एकदा मूळ कागद तिथंच काचेवर राहिला.
दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी सातबाऱ्याखाली सापडला.

अमरावतीच्या दुकानात अकरा प्रिंटर ओळीनं,
सगळ्यांची झाकणं वर.
घरट्यातली पिलं बसलीत जशी, मी म्हटलं.
देवानंद म्हणाला, "मंग चारा काय खातेत थे विचार."

त्याचा प्रश्न बरोबर होता.
साडेतीन हजारांचा एक होता, पांढराशुभ्र, लहानसा,
मला आवडलाही.
त्याची शाई आठशेची, अन् पानं निघणार शंभर-सव्वाशे.
"म्हणजे म्हैस स्वस्त अन् ढेप महाग."
दुकानातल्या इर्शादचा फडका हातातच थांबला.
लपवलं असतं तरी चाललं असतं त्याला,
पण त्याची आई शिरजगावला मदतनीस होती,
रजिस्टरं कोण भरतं ते त्याला माहीत.

टाकीवाला दाखवला त्यानं. अकरा हजार चारशे.
बाजूला खिडकी, आत चार रंग,
किती उरलं ते बसल्या जागी दिसतं.
लेझर याहून चपळ, पण नुसता काळा.
माझ्या सव्वीस पोरांना आंबा पिवळाच लागतो.

"वायफाय बी हाये याच्यात."
देवानंदनं माझ्याकडे पाहिलं.
आमच्याकडे नेट पाण्याच्या टाकीवर चढलं की येतं.
वायर डब्यातच होती, बरं झालं.

"बिल कोणाच्या नावानं?"
देवानंद पंख्यांच्या किमती वाचायला लागला,
फार लक्ष देऊन.
मी नाव सांगितलं. कुंदा. पुढचंही सगळं सांगितलं.

घरी वेगळंच निघालं.
आमची पिठाची गिरणी भिंतीपलीकडे,
पट्टा फिरला की लाईट मंदावते.
पहिल्याच दिवशी कुणाची तरी ज्वारी पडली
अन् सोनबा उघडे कपाळापासून नाकापर्यंत येऊन थांबले.
काका कागद धरून किती वेळ हसत होते.
आता पाटी आहे: आधी दळण, मग झेरॉक्स.
जुन्या परकराची खोळ शिवलीय, तरी पीठ शिरतंच.

रात्री, गिरणी बंद झाल्यावर,
मी काचेवर माझी दहावीची गुणपत्रिका ठेवली,
तिच्याशेजारी मतदान कार्ड.
कुंदा पुंडलिक निमजे. कुंदा देवानंद बोबडे.
हिरवा उजेड दोघींवरून सारखाच सरकत गेला.
एकाच पानावर आल्या.
ते पान कुठल्याच अर्जाला लागत नाही,
मी फाईलमध्ये ठेवलंय.

इर्शादनं निघताना बजावलं होतं,
"शाई सुकते, ताई. हप्त्यातून एक रंगीत पान काढाच.
काम नसलं तरी काढा."
काम नसताना काही करायची सवय कुठे होती मला.
पण दर रविवारी काढते, चाचणीचं पान,
चार पट्टे: निळा, गुलाबी, पिवळा, काळा.
सोमवारी अंगणवाडीच्या भिंतीवर चिकटवते.
सात झालीत.

परवा रुंजीनं गुलाबी पट्ट्यावर बोट ठेवलं.
"मॅडम, इथून रस्ता गेला."
पाहते तर खरंच,
पट्ट्यात केसाएवढी पांढरी रेघ.
मला दिसली नव्हती.

घरी येऊन हेड साफ केलं.
साफ करण्यातही शाई जाते म्हणे, बरीच.
जाऊ दे.